दोन मिशांची जात

मी संग्रहालयाच्या मागच्या खोलीतल्या, तिसऱ्या कपाटातल्या, वरून दुसऱ्या फळीवरच्या बरणीतला मासा बोलतोय. पत्ता एवढा नीट सांगतोय, कारण आम्हा बरणीवाल्यांना पत्त्यावाचून किंमत नाही. चुकीच्या फळीवर ठेवलेला मासा हरवलाच म्हणून समजायचं, मग तो डोळ्यांसमोर का असेना.

माझी लांबी नऊ सेंटिमीटर. रंग एकेकाळी चांदीचा होता, आता जुन्या वर्तमानपत्राचा आहे. बत्तीस वर्षं स्पिरिटात बसल्यावर कुणाचाही होईल. माझ्या बरणीच्या गळ्याला मात्र लाल फीत आहे. या खोलीत दोन हजारांवर बरण्या आहेत आणि लाल फीत मोजून अकरा जणांना. फीत म्हणजे हा मासा साधासुधा नव्हे. याच्यावरून एका नव्या जातीला नाव दिलं गेलं, आणि पुढे कुणालाही त्या जातीचा मासा सापडला, तर तो याच्याशी ताडून पाहायचा. थोडक्यात, मी नमुना आहे. माणसं एकमेकांना 'काय नमुना आहे' म्हणतात तशातला मी नाही, असा माझा बरीच वर्षं समज होता.

माझा जन्म एका ओढ्यातला. आमचं कुळ कार्प माशांचं. गोड्या पाण्यात याच्याएवढं मोठं खटलं दुसरं नाही. काचेच्या भांड्यात दिवसभर गोल फिरणारा सोनेरी मासा आमच्यातलाच, पण लांबचा, मोठ्या घरी दिलेला. तो आम्हाला ओळख देत नाही.

कुळाच्या काही खोडी आहेत. आमच्या जबड्यात एकही दात नाही. दात आहेत ते घशात, कल्ल्यांच्या मागे, रांगांनी. त्यामुळे आम्ही तोंड उघडून कुणाला दात दाखवू शकत नाही, काय चावायचं ते गिळता गिळता. दुसरं म्हणजे आम्हाला जठर नाही. घास उतरला की थेट आतड्यात. एखादी गोष्ट पोटात ठेवायची म्हटली तरी सोय नाही, म्हणून तर हे सगळं सांगत बसलोय. आणि तिसरे आमचे कान. अंगातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारक्या हाडांची एक साखळी असते. बाहेर जरा खुट्ट झालं की पिशवी थरथरते आणि साखळीवरून निरोप कानात. इतकं चांगलं ऐकणाऱ्याला बोलता येऊ नये, ही निसर्गाची जुनी थट्टा आहे.

आणि मिशा. आमच्या शाखेत प्रत्येकाला मिशा चार. दोन नाकाडावर, दोन तोंडाच्या कोपऱ्यांवर. चिखलात खाणं चाचपायला त्या लागतात. मलाही चार होत्या. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढे बत्तीस वर्षं ते फक्त मला माहीत होतं.

मी माणसाच्या करंगळीएवढा असताना ओढ्यात कुणीतरी औषधाची बाटली फेकली. तिच्या झाकणाखालची प्लास्टिकची कडी सुटून तळाशी पडली होती. तिच्या आत काहीतरी हिरवं, खायचं दिसलं. मी तोंड घातलं. ते हिरवं काही खायचं नव्हतं आणि कडी काही निघेना. मी वाढत गेलो, कडी होती तेवढीच राहिली. ती नाकाडावर रुतत गेली आणि कोपऱ्यांवरच्या दोन मिशा घासून घासून मुळापासून गेल्या. तोंड पुरतं मिटत नव्हतं, पण आत काही ना काही जायचं, म्हणून जगलो. मग एक दिवस दगडावर आपटून कडी तडकली आणि वाहून गेली. मागे राहिली नाकाडावर एक आडवी खोबण आणि उरलेल्या दोन मिशा. भाऊबंदांनी मला नावं ठेवली नाहीत. त्यांनी फक्त माझ्या वाटचं खाल्लं.

त्यानंतर जाळं, टोपली आणि बाजारातलं घमेलं. तिथं मला एका तरुण मास्तरांनी पाहिलं. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि या संग्रहालयात कच्च्या नोकरीवर होते. घरी जेवणासाठी मासे न्यायला आले होते. घमेल्यावर वाकले ते पाच मिनिटं वाकलेलेच.

"याला मिशा दोनच आहेत," ते मासेवालीला म्हणाले.

"मग काय, उरलेल्या दोन घरून आणून लावू?" ती म्हणाली. "घ्यायचा तर घ्या. एकटा काय वजनात बसतोय."

मास्तरांनी मला घेतलं आणि जेवणाचे मासे घ्यायचे विसरले. त्यांच्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. घरी पोचल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातली साखरेची बरणी रिकामी केली, तीत फॉर्मालिन ओतलं आणि मला सोडलं. त्या वासानं डोळे चुरचुरायला लागले, म्हणून त्यांच्या बायकोनं तडक शेजारचं घर गाठलं. ती परत आली तेव्हा बरणी कागदात गुंडाळून दाराशी ठेवलेली होती.

"साखर कुठाय?"

"पिशवीत ओतलीय."

"आणि बरणीत?"

"नवी जात," मास्तर म्हणाले. "अगं, जगात कुणी पाहिलेली नाही. हिला मी तुझं नाव देणार."

कागदापलीकडून ऐकू आलं, "लोक बायकोला घड्याळ आणतात. असू दे. जेवायला काय आणलंत?"

असा माझा नामकरणविधी झाला. मास्तरांनी माझं वर्णन लिहिलं. बाजूच्या रेषेवरचे खवले मोजले, परांचे काटे मोजले, डोळ्याचा व्यास मोजला. मोजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि शेवटी त्यांनी लिहिलं, 'मिशांची एकच जोडी, आणि नाकाडावर आडवी, ठळक खोबण. या दोन खुणांवरून ही जात इतर सर्व जातींपासून तात्काळ ओळखता येते.' माझ्या जखमेला इतक्या चांगल्या भाषेत कुणी पाहिलं नव्हतं. मी बरणीत आ वासून ऐकत होतो. अर्थात माझा आ तेव्हापासून तसाच आहे.

लेख छापून आला, नोकरी पक्की झाली आणि मास्तरांचे सर झाले. पुढे तेच संग्रहालयाचे प्रमुख झाले. माझ्या घशातले दात मात्र त्यांनी मोजले नाहीत. आमच्या कुळात खरी ओळख घशातल्या दातांच्या रांगांवरूनही पटते, पण त्यासाठी घसा कापावा लागतो. मी पडलो एकुलता एक. रीत अशी आहे की माशाची डावी बाजू चित्रासाठी अखंड ठेवायची आणि कापाकापी उजवीकडून करायची. सरांनी माझ्या दोन्ही बाजू डाव्या ठरवल्या.

दुसरा मासा मिळवायला त्यांनी काय नाही केलं. दर वर्षी विद्यार्थ्यांच्या तुकड्या त्या ओढ्यावर पाठवल्या. विद्यार्थी जाळी भरभरून माझे सख्खे भाऊ, पुतणे, पणतू आणायचे. सर एकेकाच्या मिशा मोजायचे, "चार. साधा आहे," म्हणायचे आणि बाजूला टाकायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा कसा असतो, ते मी फळीवरून पाहत होतो. वीस वर्षांनी सरांनी जाहीर केलं की ही जात अत्यंत दुर्मिळ असावी.

सरांनी आपल्या मुलाला माशांची गोडी लावायचा खूप प्रयत्न केला. तो विमा कंपनीत गेला. पण सरांच्याच एका हुशार विद्यार्थिनीशी लग्न करून त्यानं भरपाई केली. या सूनबाई आता संग्रहालय सांभाळतात. सर निवृत्त झालेत, तरी रोज सकाळी अकराला येऊन खुर्चीत बसतात. सूनबाई त्यांना इथं 'सर' म्हणतात, घरी 'बाबा'. घाईत असल्या की उलटसुलट होतं.

सूनबाईंच्या हातात एक मोठं काम होतं. आमच्या कुळाची सगळी यादी नव्यानं लिहायची, एकेक बरणी उघडून, एकेक मासा तपासून. दोन वर्षं त्यांनी मान वर केली नाही. छत्तीस जातींची पानं झाली. सदतिसावं पान माझं होतं आणि ते आठ महिने कोरं होतं.

त्याचं कारण त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं, पण मला कळत होतं. त्यांनी माझे खवले मोजले, काटे मोजले, सगळे आकडे साध्या माशाचे निघाले. मिशा आणि खोबण सोडली तर मी चारचौघांसारखा. त्यांनी माझ्या पराचा एक कण डीएनए तपासायला नव्या यंत्रांच्या प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं, 'जुन्या फॉर्मालिनमुळे काही वाचता येत नाही.' म्हणजे राहिला घसा.

"सर, उघडून बघू या का?" एकदा त्यांनी विचारलं.

"काय?"

"घसा. उजवीकडून. दहा मिनिटांचं काम आहे."

"एकच आहे तो."

"म्हणून तर म्हणते."

सर म्हणाले, "मी गेल्यावर काप."

सूनबाईंनी विषय तिथंच सोडला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, आणि त्या तर एकाच घरात राहत होत्या. पान 'खरी जात' म्हणून लिहावं, तर आयुष्यातल्या पहिल्या पुस्तकात जाणूनबुजून खोटं. 'खोटी जात' लिहावं, तर पुरावा नाही. आणि पुरावा मिळाला, तर सासऱ्यांनी जन्मभरात लावलेला एकुलता एक शोध बुडणार आणि सासूचं नाव खऱ्या जातींच्या यादीतून जाणार. सुनेनं सासूचं नाव पुसलं, असं म्हणायला नातेवाइकांना केवढं बळ आलं असतं. छापखान्याचे फोन सुरू झाले होते. सूनबाईंच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. मला त्यांची दया येत होती आणि स्वतःची लाज वाटत होती, पण बरणीचं झाकण आतून उघडत नाही.

मग पुस्तकाच्या पहिल्या पानासाठी फोटो काढायचं ठरलं. मासा, तो शोधणारे सर आणि जिचं नाव दिलं ती बाई. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की त्या बाईंनी मला कधी पाहिलेलंच नाही. पहिल्या दिवशी मी कागदात होतो, नंतर इथं कुलुपात. बत्तीस वर्षांत त्यांना इथं आणायचं सरांना सुचलं नव्हतं.

माझ्या नावाची ही मालकीणबाई एका सकाळी आली. सूनबाईंनी मला बरणीतून काढून पांढऱ्या ताटलीत ठेवलं. फोटोवाला दिवा लावत होता.

"हा?" मालकीणबाई म्हणाल्या. "एवढासा?"

"तुला काय वाटलं होतं?" सरांनी विचारलं.

"निदान दोघांना पुरेल एवढा तरी."

त्यांनी चष्मा वर केला आणि वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. इतक्या जवळून मला आजवर फक्त भिंगानं पाहिलेलं होतं.

"बिचारा. काय अडकलं होतं हो याच्या तोंडाला?"

सर म्हणाले, "अडकलं नव्हतं. ती खोबण आहे. जातीची खूण आहे ती."

"कसली जातीची," मालकीणबाई म्हणाल्या आणि डावा हात ताटलीशेजारी धरला. "हे बघा. अंगठी बोटात रुतली होती, गेल्या महिन्यात सोनाराकडून कापून घेतली. अजून वळ गेलेला नाही. आहे ना अगदी तस्सा? कातडी अशीच चकाकते आणि कडेला अशीच फुगते. याला लहानपणी काहीतरी घट्ट बसलेलं असणार. आणि इथं कोपऱ्यात हे दोन ठिपके कसले? इथं काही होतं का?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला. मिशांच्या जागा होत्या त्या. बत्तीस वर्षं दोन ठिपके तिथंच होते, आणि त्यांच्याबद्दल विचारायला घरसंसार करणारी बाई यावी लागली. मला ओरडावंसं वाटलं. मी नेहमीप्रमाणे आ वासून पडून राहिलो.

सूनबाईंनी वर बघितलंच नाही. सरांनी खिशातून भिंग काढलं. आधी त्यांनी बायकोचं बोट पाहिलं, मग मला, मग पुन्हा बोट. फोटोवाल्याला त्यांनी बाहेर चहा प्यायला पाठवलं.

"चाकू दे," ते सूनबाईंना म्हणाले.

"बाबा, मी करते."

"मी मोजलंय त्याला. मीच कापतो."

सवयीनं ते मला डावी बाजू वर करून ठेवायला गेले, थांबले, आणि बरोबर उलट, उजवी बाजू वर करून ठेवलं. कल्ल्याचं झाकण वर केलं, आत चिमटा घातला आणि घशातलं दातांचं हाड अलगद काढून काचेवर ठेवलं. मला दुखलं नाही. मग त्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, वर्गात मोजून दाखवायचे तसं.

"पाच. तीन. दोन." मग दुसऱ्या बाजूचं हाड काढलं. "दोन. तीन. पाच. त्या ओढ्यातल्या कुठल्याही माशाचे असतात तेवढे."

ते खुर्चीत बसले. त्यांना फार वाईट वाटलं होतं आणि ते दिसत होतं. मलाही वाटलं. बत्तीस वर्षं मी जगातला एकटा होतो, आणि एका मिनिटात त्या सगळ्या घमेल्याचा नातेवाईक झालो.

"तुझं नाव जाईल आता," सर बायकोला म्हणाले.

मालकीणबाईंच्या हे लक्षात आलं नव्हतं. "दारावरच्या पाटीवर तुमचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "लाइटच्या बिलावर अजून मामंजींचं. छापलेलं असं माझं इथंच होतं काय ते." मग त्यांनी रुमालानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "पण खोटं असेल तर नको. काढून टाका."

"काढत नाहीत ते, आई," सूनबाई घाईनं म्हणाल्या. "नियमच आहे. खऱ्या नावाखाली जुनं नाव बारीक अक्षरात कायम ठेवायचं."

"बारीक अक्षरात राहायची सवय आहे मला," मालकीणबाई म्हणाल्या.

स्पिरिटचा वास फार झालाय म्हणून सरांनी खिडकी उघडली.

सदतिसावं पान त्या दुपारी लिहून झालं. पण असली चूक नुसती यादीत दुरुस्त करून चालत नाही, तिच्यावर वेगळा लेख छापावा लागतो. आठवड्याभरात सूनबाईंनी तो लिहिला आणि सरांपुढे ठेवला. सर पहिल्या पानावरच अडले.

"ही तीन नावं कशी?"

"लेखकांची."

"पहिलं नाव तुझ्या सासूचं आहे."

"हो."

"तिला कार्प आणि बेडूक यांतला फरक सांगता येणार नाही."

"सर, नियम तुम्हीच शिकवलात. ज्यानं पाहिलं त्याचं नाव आधी. पाहिलं आईंनी, कापलं तुम्ही, लिहिलं मी. चुकत असेल तर सांगा."

सरांनी पेन्सिल मागून घेतली. मला वाटलं, आता पहिल्या नावावर काट पडणार. त्यांनी एक बाण काढला आणि आपलं नाव दुसऱ्यावरून तिसऱ्या जागी नेलं. "कापायला काय, कुणीही कापतं," ते म्हणाले.

परवा तो लेख छापून आला. मालकीणबाई मुद्दाम इथं आल्या. घरी वाचायला त्यांना धीर नव्हता. माझ्या कपाटासमोर उभ्या राहून त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि आपलं नाव वाचलं. मग सगळा लेख वाचला. काही कळलं असेल असं वाटत नाही. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"अहो," त्यांनी सरांना विचारलं, "हे राहील ना?"

"राहील."

"आणि यातही चूक निघाली तर?"

"तर कुणीतरी तुझं नाव घेऊन, तू कशी चुकलीस त्यावर लेख छापेल."

"म्हणजे नाव येईलच."

"येईल."

"मग निघू दे," मालकीणबाई म्हणाल्या आणि लेख पर्समध्ये घडी न घालता ठेवला.

माझी लाल फीत अजून आहे. जात खोटी ठरली तरी नमुना टाकून द्यायचा नाही, हाही नियमच आहे. खोटेपणाचा पुरावा म्हणून मला पहिल्यापेक्षा जास्त जपतात. घशातली दोन्ही हाडं छोट्या कुपीत घालून माझ्याशेजारीच ठेवलीत, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच मला माझे दात दिसतात. बरे आहेत.

आता तुमचा निरोप घेतो. विनंती एकच. कधी या खोलीत आलात आणि बरणीतला एखादा मासा इतरांहून वेगळा दिसला, तर लगेच त्याला नवं नाव देऊ नका. आधी वाकून, मालकीणबाईंच्या आवाजात, 'तुला काय झालं होतं रे' एवढं विचारा. तो सांगू शकणार नाही. पण मला बत्तीस वर्षांनी कुणीतरी विचारलं, तेव्हा मिशा परत आल्यासारखं वाटलं होतं.